पेटीतला समुद्र आणि त्याचे सफाईवाले

मराठीत कोळंबी, कोकणीत सुंगटां, कानडीत सिगडी. आपल्या या तीन भाषांच्या मुलखात तिला नावे तीन असली, तरी तिची शेवटची जागा एकच, ती म्हणजे चुलीवरचे भांडे. त्यामुळे कुणी कोळंबी घरात, दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत खारे पाणी भरून पाळतो आणि तिच्यासाठी पाण्याचा खारटपणा मोजत बसतो, असे ऐकले की आपल्याकडच्या माणसाला हसू येते. पण जगभरच्या हौशी लोकांनी अशा एका कोळंबीला घरात मानाचे स्थान दिले आहे. शास्त्रीय भाषेत तिला ‘लिस्माटा अँबोइनेन्सिस’ म्हणतात. बोटाएवढी लांबी, पिवळसर अंग, पाठीवर तांबडा पट्टा, त्याच्या मधोमध शेंडीपासून शेपटीपर्यंत एक पांढरी रेघ, आणि अंगापेक्षा लांब पांढऱ्याशुभ्र मिशा. द मान या डच प्राणिशास्त्रज्ञाने १८८८ साली तिचे प्रथम वर्णन केले. मसाल्याच्या बेटांपैकी अँबोइना, म्हणजे आजचे अंबोन, या बेटावरून तिला नाव मिळाले. तिचा धंदा न्हाव्याचा आणि दंतवैद्याचा. मासे तिच्याकडे येतात, तोंड उघडून स्वस्थ उभे राहतात, आणि ती त्यांच्या अंगावरचे परजीवी, मेलेली कातडी, दातांतले कण वेचून खाते.

ही कोळंबी माणसाच्या घरात येऊन जगू लागली त्याला फार वर्षे झालेली नाहीत. त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षे माणसाची झटापट चालली होती ती एका साध्या प्रश्नाशी. समुद्राचे पाणी आणि त्यातले चार जीव बरणीत भरून घरी आणले, तर चार दिवसांत त्या पाण्याला घाण का सुटते? समुद्र कधी नासत नाही, मग समुद्राचा तांब्याभर तुकडा का नासतो? घरगुती खाऱ्या मत्स्यालयाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचा इतिहास, आणि त्याचे उत्तर दर पिढीला वेगळ्या सफाईवाल्याच्या रूपाने मिळत गेले.

सुरुवातीचा सफाईवाला माणूसच होता. एडिंबरोचे सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून एक समुद्रफूल घरी आणून काचेच्या भांड्यात ठेवले. पाणी नासू नये म्हणून समुद्रावरून ताजे पाणी वाहून आणायला त्यांनी माणूस ठेवला होता. त्या समुद्रफुलाला पुढे ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, असे नाव पडले. डॅलियेल १८५१ साली वारले, आजीबाई मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जात १८८७ पर्यंत जगल्या! ज्या गड्याने वर्षानुवर्षे घागरी वाहिल्या त्याचे नाव मात्र कुणी लिहून ठेवलेले दिसत नाही. त्याच सुमारास सिसिलीतील मेसिना बंदरी झान व्हिलप्रू-पॉवर ही फ्रेंच बाई काचेच्या पेट्या आणि समुद्रात सोडलेले पिंजरे वापरून जिवंत प्राण्यांचा अभ्यास करत होती. मुळात ती शिवणकाम करणारी. कागदी शिंपल्याचा अष्टपाद आपला शिंपला स्वतःच घडवतो, दुसऱ्याचा चोरत नाही, हे तिने १८३० च्या दशकात दाखवून दिले. पण तिच्या दारात समुद्र होता. खरी अडचण होती ती समुद्रापासून लांब राहणाऱ्यांची.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका मोठ्या धर्माधिकाऱ्याच्या पत्नी ॲना थिन यांनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. वाटेत हिंदकळून ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून बाईंनी सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजाला टाके घालून शिवले होते. लंडनला समुद्राचे पाणी मागवणे महाग आणि त्रासाचे. मग त्यांनी युक्ती काढली. तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे. आपण चहा थंड करताना वरून धार धरतो तसाच हा प्रकार. हवा पाण्यात मिसळते आणि प्रवाळ जगतात, हे बाईंच्या ध्यानी आले. पुढच्या वर्षी त्यांनी त्या पाण्यात समुद्रशेवाळही सोडले. त्यांचा हा अनुभव १८५९ साली छापून आला. पण रोज अर्धा-पाऊण तास हात दुखेपर्यंत पाणी ओतण्याचे काम बाई नव्हत्या करत, त्यांची मोलकरीण करत होती. आज टाकीत बुडबुडे सोडणारा विजेचा पंप ज्या कामासाठी आपण विकत आणतो, ते काम प्रथम त्या मोलकरणीने केले. तिचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही.

माणसाच्या हाताविना पेटी चालवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग केला तो रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत ते नोकरीला होते. १८४९ साली त्यांनी गोड्या पाण्याच्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि वाळूत रोवलेली व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासा प्राणवायू घेतो, वनस्पती तो देते. हिशोब जुळायला हवा होता. थोडे दिवस जुळलाही. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, काचेवर हिरवट गाळ धरला, पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टन यांनी त्यात पाच-सहा तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने आणि काचेवरचा बुळबुळीत थर खाऊन फस्त केला, पाणी निवळले, वर त्यांनी घातलेली अंडी माशांना खायला मिळाली. दोनाचा संसार मोडत होता, तो तिसऱ्याने सावरला. १८५० साली त्यांनी हा वृत्तांत केमिकल सोसायटीपुढे मांडला आणि नंतर खाऱ्या पाण्यातही तोच मेळ घालण्याच्या खटपटीला लागले. मला स्वतःला या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोठे पाऊल हे वाटते. पाण्यात काय घालावे यापेक्षा पाण्यातली घाण कोण खाणार, हा प्रश्न त्यांनी प्रथम नीट विचारला.

यानंतर आला तो लोंढा. इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने बंद काचपेटीत झाडे जगतात हे आधीच दाखवले होते. त्याच पेट्यांतून पुढे चीनमधल्या चहाची रोपे हिमालयाच्या उतारावरच्या मळ्यांत आली, हे जाता जाता सांगायला हवे. आगगाडी टॉर्कीच्या वेशीपर्यंत १८४८ मध्ये पोचली. एवढी सामग्री जमली असताना ठिणगी टाकली ती फिलिप हेन्री गॉस यांनी. प्रकृती बिघडल्यामुळे ते १८५२ साली डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले, आणि ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांत दिसणाऱ्या जिवांवर त्यांनी लिहायला घेतले. हाताने काढलेली रंगीत चित्रे, सोपी भाषा, आणि प्रत्येक पानावर भक्तिभाव. १८५३ साली लंडनच्या प्राणिबागेत जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, त्याला जिवंत माल पुरवण्यात गॉस यांचा मोठा वाटा होता. १८५४ साली त्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. हा शब्द आज जगात ज्या अर्थाने रूढ आहे तो त्या पुस्तकामुळे. त्याच वर्षी त्यांनी चार क्षार गोड्या पाण्यात विरघळवून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृतीही प्रसिद्ध केली. समुद्रापासून लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांना खरे तर त्या कृतीचे ऋण मानायला हवे.

मग काय विचारता! मध्यमवर्गी इंग्रजांच्या घरोघरी खारी पेटी आली. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी लंडनमध्ये निव्वळ याच मालाचे दुकान थाटले. पेट्या, शेवाळ, समुद्रफुले, गोगलगायी, आणि पिंपातून आणलेले खरे समुद्राचे पाणी तिथे विकत मिळे. उरलेसुरले अन्न वेचून खाणारी म्हणून कोळंबीही या पेट्यांत आली. काचेसारख्या पारदर्शक अंगाची ती युरोपीय कोळंबी गॉस यांच्या विशेष आवडीची होती.

पण सुट्टीत आगगाडीने आलेली कुटुंबेच्या कुटुंबे हातोड्या, छिन्न्या आणि बरण्या घेऊन खडकांवर उतरू लागली. ज्या खळग्यांत शतकानुशतके कुणी हात घातला नव्हता ते काही वर्षांत ओरबाडून रिकामे झाले. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ साली लिहिलेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात याबद्दल फार कळवळून लिहिले आहे. आपण लिहिलेली पुस्तकेच या लुटीला कारण झाली याची खंत वडिलांना अखेरपर्यंत होती, असे ते सांगतात. ईश्वराच्या सृष्टीचे कौतुक लोकांनी करावे म्हणून ज्याने लेखणी उचलली, त्याच्याच वाचकांनी ती सृष्टी बरण्यांत भरून नेली आणि चार दिवसांत नासवली. नासवली म्हणण्याचे कारण असे की यातल्या बहुतेक पेट्या मरत होत्या. १८६० च्या दशकात ही हौस ओसरली, लॉइड यांचेही दिवाळे निघाले. अंधारात ठेवलेला पाण्याचा मोठा साठा आणि सतत खेळते पाणी, ही त्यांना उमगलेली युक्ती पुढे त्यांनी हॅम्बुर्गच्या आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या सार्वजनिक मत्स्यालयांत वापरली. घरच्या पेट्या मात्र माळ्यावर गेल्या.

पेट्या का मरत होत्या? वनस्पती आणि प्राणी यांचा मेळ घातला की झाले, हा वॉरिंग्टन यांचा हिशोब अपुरा होता. माशाच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया सुटतो. तो विषारी, आणि शेवाळ तो पुरेसा उचलू शकत नाही. मग निसर्गात तो जातो कुठे? या प्रश्नाचे उत्तर आले शेतीच्या वाटेने, आणि ते देणाऱ्यांत एक नाव होते रॉबर्ट वॉरिंग्टन. हे त्या गोगलगायवाल्या वॉरिंग्टन यांचेच चिरंजीव! बापाने गोल्डफिशचा प्रयोग केला तेव्हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता. पुढे तो इंग्लंडातील रोदॅमस्टेडच्या प्रसिद्ध शेतकी प्रयोगकेंद्रात, शेतात घातलेल्या खताचे जमिनीत काय होते याचा शोध घेऊ लागला. फ्रान्समध्ये १८७७ साली दोघा शास्त्रज्ञांनी वाळूच्या थरातून सांडपाणी गाळून दाखवले होते, की अमोनियाचे नायट्रेट होते ते जिवंत जिवाणूंमुळे. क्लोरोफॉर्म घातला की ते काम थांबते. धाकट्या वॉरिंग्टन यांनी ते काम दोन टप्प्यांत होते, अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे कामकरी वेगळे, हे सिद्ध केले. हे जिवाणू वेगळे काढण्याचे श्रेय मात्र १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाले. शेतासाठी लागलेला हा शोध मत्स्यालयाच्या हौशी मंडळींपर्यंत पोचायला आणखी अर्धे शतक गेले. बापाच्या पेटीत जो सफाईवाला दिसत नव्हता तो मुलाने मातीत शोधला, याची त्या दोघांपैकी कुणालाच कल्पना नसावी.

विसाव्या शतकाची हकिकत भरभर सांगता येते. वाळूखालून पाणी खेचून घेणारी गाळणी आली. तिचे मर्म असे की वाळूच्या कणाकणावर ते जिवाणू वस्ती करतात. लोखंडी चौकटीच्या टाक्या खाऱ्या पाण्याने गंजत, त्यांच्या जागी सिलिकोनने चिकटवलेल्या निव्वळ काचेच्या टाक्या आल्या. १९६० च्या दशकात तयार समुद्री मिठाची पाकिटे बाजारात आली. याच काळात, १९६१ साली, जकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थांनी एका अमेरिकन मासिकात आपली रीत कळवली. गाळणी नको, यंत्र नको. समुद्रातले जिवंत खडक, म्हणजे ज्यांच्या छिद्राछिद्रांत जिवाणू आणि बारीक जीव राहतात असे मृत प्रवाळाचे दगड, टाकीत रचायचे, ऊन येऊ द्यायचे आणि थोडी हवा सोडायची. त्या वेळी फारशी कुणी दाद दिली नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी युरोप-अमेरिकेत त्याच तत्त्वावर घरोघर प्रवाळांच्या टाक्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. मुंबईला गेलेल्या कित्येक मराठी मुलांनी जिवंत समुद्री मासा काचेआड प्रथम पाहिला तो तिथेच.

आता आपल्या कोळंबीकडे येऊ. मासे कोळंबीकडून अंग साफ करून घेतात हे शास्त्रज्ञांनी नीट पाहिले ते पाणबुड्याच्या पाठीवर हवेची नळकांडी आल्यावर. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेचे कॉनराड लिंबॉ यांनी बहामा बेटांपाशी पाहिले, की समुद्रफुलाशेजारी राहणारी एक इवलीशी पारदर्शक कोळंबी मिशा हलवत, अंग झुलवत असते. मासे जवळ येतात, रांग लावतात, कल्ले उघडून तिला आत जाऊ देतात. एरवी तिला एका घासात गिळतील असे हेकरू आणि वामेसारखे मासेही तोंड मिटत नाहीत. लिंबॉ यांनी दोन छोट्या प्रवाळ खडकांवरून असे सगळे सफाईवाले काढून घेतले. थोड्याच दिवसांत तिथले मासे कमी झाले, दोन आठवड्यांत बहुतेक निघून गेले, आणि जे राहिले त्यांच्या अंगावर चट्टे नि फोड उठले, असे त्यांनी नोंदवले. हा लेख १९६१ साली छापून आला तेव्हा लिंबॉ हयात नव्हते. १९६० च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पाण्याखालच्या एका गुहेत त्यांचा अंत झाला होता.

लिंबॉ यांचा प्रयोग गोष्टीसारखा गाजला, पण इतरांनी तो करून पाहिला तेव्हा तसाच निकाल येईना. सफाई खरी की मासे नुसते अंग खाजवून घेतात, इथपर्यंत शंका निघाल्या. ऑस्ट्रेलियातील लिझर्ड बेटावर सफाई करणाऱ्या माशांना काही खडकांवरून साडेआठ वर्षे दूर ठेवून केलेल्या अभ्यासाचा निकाल २०११ साली आला: तिथे माशांची संख्या घटली, जातीही घटल्या. कोळंबी खरोखर परजीवी खाते याचा चोख पुरावा २००४ साली मिळाला. आणि २०१५ साली ऑस्ट्रेलियातच खुद्द आपल्या पांढऱ्या मिशांच्या कोळंबीवर केलेल्या कामातून दिसले, की माशाच्या अंगावरचेच नव्हे तर पाण्यात पडलेली परजीवी कृमींची अंडीही ती वेचून खाते, मासा जवळ नसला तरी. म्हणजे वॉरिंग्टन यांची गोगलगाय आणि लिंबॉ यांचा न्हावी, दोन्ही कामे हिच्याकडे.

तिला घरी पाळणे तसे अवघड नाही. खारटपणा लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, पाणी २५ अंशांच्या आसपास, आणि ते जिवाणू नीट रुजेपर्यंत महिना-दीड महिना टाकी रिकामी चालवण्याचा धीर. नव्या पाण्यात तिला एकदम सोडायचे नाही, थेंब थेंब पाणी बदलत तास-दोन तासांनी सोडायचे. काही आठवड्यांनी एखाद्या सकाळी ती तळाशी मरून पडलेली दिसते. नवखा माणूस हळहळतो, आणि तेवढ्यात तीच दगडाआडून मिशा बाहेर काढते! पडलेली असते ती नुसती कात, डोळ्यांच्या आणि मिशांच्या आकारासकट. तिचा मोठा शत्रू म्हणजे तांबे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध, म्हणजे आपले मोरचूदच, देतात. त्याने मासा वाचतो, पण त्याच पाण्यातली कोळंबी मरते. नवल असे की तिच्या स्वतःच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य तांब्याचेच असते. आणि त्या ठिपक्यांवर कोळंबी हाच उपाय, असे काही दुकानदार सांगतात त्यावर विसंबू नये. तो परजीवी कातडीखाली दडतो, तिथे तिचे चिमटे पोचत नाहीत.

एवढी सगळी विद्या जमली तरी गॉस यांची खंत संपलेली नाही. बाजारात येणाऱ्या या कोळंब्या बहुतांशी इंडोनेशिया, फिलिपाइन्स, श्रीलंका यांच्या समुद्रातूनच पकडून आणतात. फिलिपाइन्समध्ये तर मासे गुंगवण्यासाठी प्रवाळांवर सायनाइड फवारण्याची रीत १९६० च्या दशकात पडली, आणि ती खडकांच्या मुळावर आली. लिंबॉ यांनी प्रयोगासाठी दोन खडकांवरचे सफाईवाले काढले. व्यापार किती खडकांवरचे काढतो त्याचा हिशोब कोण ठेवणार? आपल्या कायद्याने २००१ पासून प्रवाळांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले आहे, म्हणून मालवणला किल्ल्याजवळ डुबकी मारून पोवळ्याचा तुकडा पिशवीत घालून आणणे हा गुन्हा आहे, हे आपल्या भागातल्या हौशी मंडळींनी ध्यानात ठेवावे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर सरकारी मत्स्यसंशोधकांनी तिथल्या स्त्रियांना शोभेच्या कोळंबीची पैदास शिकवली आहे, पण त्या जाती वेगळ्या.

आपल्या पांढऱ्या मिशांच्या कोळंबीची पैदास मात्र अजून हट्टाने हुलकावणी देते. वास्तविक जोडी जमवण्याची कटकटच नाही. ती जन्मते नर म्हणून, आणि मोठी झाली की एकाच वेळी नरही असते, मादीही. कोणत्याही दोन ठेवल्या की दोघींच्या पोटाखाली हिरवट अंडी दिसू लागतात. लाल-पांढरा जोकर मासा १९७० च्या दशकात फ्लोरिडात कृत्रिम पैदाशीने विकायला आला. हिची पिल्ले मात्र महिनोन्महिने उघड्या पाण्यात तरंगत वाढणारी, शेकड्यांतली एखाददुसरीच मोठी होते. घरच्या टाकीत दिवा मालवल्यावर रात्री अंडी फुटतात, पाणी बारीक ठिपक्यांनी भरून जाते, आणि सकाळपर्यंत त्यातला एकूण एक ठिपका माशांच्या पोटात किंवा गाळणीत गेलेला असतो.